प्रमाण विचलनाची हायपोथेसिस टेस्ट कशी करायची: पोह्यांच्या १० पाकिटांवर पायरी पायरीने

सरासरीची टेस्ट सगळ्यांना येते, टी टेस्ट म्हटलं की कॉलेजातला पोरगाही सूत्र म्हणून दाखवतो, पण "प्रमाण विचलन ४ ग्रॅमच्या वर गेलंय का ते सांगा" असं विचारलं की बरेच जण गप्प होतात किंवा परत टी टेस्टच लावायला जातात. खरं तर कारखान्यात, लॅबमध्ये, पॅकिंग लाइनवर बरीच भांडणं सरासरीची नसतातच, चढउताराची असतात. म्हणून हा लेख एकाच टेस्टवर आहे, एका लोकसंख्येच्या स्टँडर्ड डेव्हिएशनची (म्हणजेच प्रमाण विचलनाची) काय-स्क्वेअर टेस्ट. गणित सोपं आहे, एक भागाकार आणि एक टेबल. डोकं लागतं ते त्याच्या आधी आणि नंतर, त्यामुळे तिथेच जास्त थांबणार आहे.

उदाहरण एकच घेऊ आणि शेवटपर्यंत तेच चालवू. आकडे मी उदाहरणासाठी बनवलेत, पण परिस्थिती नेहमीची आहे. पोह्यांची ५०० ग्रॅमची पाकिटं भरणारं मशीन आहे, मशीनवाल्याने सांगितलंय की भरणीचं स्टँडर्ड डेव्हिएशन ४ ग्रॅमच्या आत राहील. काही महिन्यांनी ऑपरेटरला वाटायला लागलं की वजन जरा जास्तच हलतंय. १० पाकिटं काढून निव्वळ वजन घेतलं, ग्रॅममध्ये:

५०४, ४९५, ५०८, ५००, ४९२, ५०६, ४९९, ५११, ४९७, ४९८

सरासरी ५०१. पॅकेज्ड कमॉडिटीजच्या २०११ च्या नियमांप्रमाणे ५०० ग्रॅमच्या पाकिटाला १५ ग्रॅमची चूक चालते, म्हणजे ४८५ च्या खाली जायचं नाही, आणि इथे सगळ्यात कमी ४९२ आहे. मालक म्हणणार, सरासरी बरोबर, एकही पाकीट लिमिटच्या खाली नाही, मग काय प्रॉब्लेम आहे?

प्रॉब्लेम हा की १० पाकिटांत दिसत नाही ते लाखात दिसतं. सरासरी ५०१ आणि सिग्मा (म्हणजे सगळ्या उत्पादनाचं स्टँडर्ड डेव्हिएशन) ४ असेल तर ४८५ म्हणजे ४ सिग्मा खाली, नॉर्मल वितरण (घंटेच्या आकाराचं) धरलं तर लाखात साधारण ३ पाकिटं कमी भरतील. सिग्मा ६ झाला तर तेच ४८५ आता २.६७ सिग्मावर आलं आणि लाखात ३८० च्या आसपास पाकिटं कमी भरणार. सरासरी तीच, मशीन तेच. आणि पुन्हा लाखात ३ वर यायचं असेल तर सरासरी ५०९ ला न्यावी लागेल, म्हणजे दर पाकिटाला ८ ग्रॅम पोहे फुकट, लाख पाकिटांना ८०० किलो. हा हिशोब मालकाला आधी दाखवा, टेस्ट नंतर.

पायरी १: प्रश्न नीट लिहा, आणि आकडे बघायच्या आधी लिहा

नल हायपोथेसिस (पुरावा मिळेपर्यंत जे खरं धरायचं ते): सिग्मा ४ ग्रॅम आहे (किंवा त्याहून कमी).
पर्यायी हायपोथेसिस: सिग्मा ४ ग्रॅमपेक्षा जास्त आहे.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, हायपोथेसिसमध्ये नेहमी सिग्मा येतो, म्हणजे सगळ्या उत्पादनाचं प्रमाण विचलन, आपल्या १० पाकिटांवरून काढलेलं विचलन, म्हणजे एस, नाही. "एस ४ पेक्षा जास्त आहे" हे टेस्ट करायची गरजच नाही, ते कॅल्क्युलेटरवर दिसतंच. दुसरं, दिशा. इथे आपल्याला फक्त वाढलंय का एवढंच विचारायचंय म्हणून टेस्ट उजव्या शेपटीची, म्हणजे उत्तर खूप मोठं आलं तरच नल नाकारायचं. नवीन मशीन घेताना "याचं विचलन ४ पेक्षा कमी आहे" हे सिद्ध करायचं असेल तर डावी शेपटी. आणि लॅबमधला एखादा काटा किंवा पद्धत "बदललीय का, कुठल्याही बाजूला" असं विचारायचं असेल तर दोन्ही शेपट्या. आकडे बघून मग दिशा ठरवली की तुम्ही ५ टक्के लिहिता पण खरी चूक होण्याची शक्यता १० टक्क्यांच्या जवळ जाते, आणि हे अगदी शिकलेली माणसंही सर्रास करतात.

सिग्निफिकन्स लेव्हल, म्हणजे नल खरं असूनही ते नाकारण्याची किती शक्यता चालवून घ्यायची, ती पण आत्ताच ठरवा. आपण ५ टक्के घेऊ. मशीन थांबवून दुरुस्तीला माणूस बोलावणं खूप महाग पडत असेल तर १ टक्का घ्या, पण आत्ता, उत्तर बघून नाही.

पायरी २: सॅम्पल कसं काढलं ते या टेस्टमध्ये फार महत्त्वाचं

सरासरीच्या टेस्टमध्ये थोडी गडबड खपून जाते, इथे नाही. लागोपाठची १० पाकिटं उचलली तर तुम्हाला मशीनचा तेवढ्या वेळापुरता चढउतार मिळतो. दिवसभरात दर अर्ध्या तासाला एक पाकीट उचललं तर त्यात हॉपरमधली लेव्हल, शिफ्ट बदलताना कुणीतरी सेटिंगला लावलेला हात, पोह्यांच्या लॉटमधला ओलावा हे सगळं मिसळतं आणि सिग्मा मोठा येतो. दोन्ही बरोबर आहेत पण प्रश्न वेगळे आहेत. मशीनवाल्याने ४ ग्रॅम म्हटलंय ते बहुतेक वेळा एका सेटिंगवर थोड्या वेळात घेतलेलं असतं, मग तुम्ही दिवसभराची पाकिटं घेऊन त्याच्याशी भांडायला गेलात तर तो म्हणेल हे माझ्या मशीनचं नाही तुमच्या लाइनचं विचलन आहे, आणि त्याचं बरोबर असेल. त्यामुळे ४ ग्रॅम हा आकडा कुठल्या परिस्थितीतला आहे ते आधी विचारून घ्या.

मशीनला दोन भरणी हेड असतील तर दोन्हीची पाकिटं एकत्र करू नका. एक हेड ४९७ ला आणि एक ५०५ ला बसलेलं असेल तर प्रत्येकाचं विचलन छान असूनही एकत्र मोठं दिसेल, आणि तो सेटिंगचा दोष आहे, विचलनाचा नाही.

काटा पण बघा. वजनकाट्याची स्वतःची चूक तुमच्या आकड्यांत मिसळते, आणि ती वर्गात मिसळते, म्हणजे दिसणारा व्हेरियन्स (प्रमाण विचलनाचा वर्ग) हा मशीनचा व्हेरियन्स अधिक काट्याचा व्हेरियन्स. काटा १ ग्रॅमने वाचत असेल तर इथे चालून जातं. ५ ग्रॅमने वाचणारा असेल तर नुसत्या राउंडिंगमुळे २ च्या आसपास व्हेरियन्स वाढतो, १६ च्या तुलनेत ते दुर्लक्ष करण्यासारखं नाही. रिकाम्या पिशवीचं वजनही प्रत्येक वेळी वेगळं असू शकतं, म्हणून निव्वळ वजन घ्या, सरसकट ठरावीक ग्रॅम वजा करून नाही.

पायरी ३: आकडे नॉर्मल वाटतात का

ही पायरी लोक गाळतात, आणि नेमकी इथेच टेस्ट फसते.

सरासरीच्या टेस्टला सेंट्रल लिमिट थिअरमचा आधार असतो, सॅम्पल मोठं झालं की वितरण थोडं वाकडं असलं तरी चालतं. विचलनाच्या काय-स्क्वेअर टेस्टला तो आधार मिळत नाही. सॅम्पल १००० चं केलं तरी नाही. कारण एसच्या वर्गाचं स्वतःचं हलणं शेपट्या किती जाड आहेत त्यावर अवलंबून असतं आणि काय-स्क्वेअरचं टेबल शेपट्या नॉर्मल आहेत असं गृहीत धरूनच बनलंय. उदाहरण म्हणून डबल एक्स्पोनेन्शियल वितरण घ्या, दोन्ही बाजूंनी सारखं, मधे टोक असलेलं, बघायला काही फार विचित्र नाही. त्यावर मोठ्या सॅम्पलने ही उजव्या शेपटीची टेस्ट ५ टक्क्यांवर लावली तर प्रत्यक्षात साधारण १५ टक्के वेळा खोटा गजर होतो. जॉर्ज बॉक्स या संख्याशास्त्रज्ञाने १९५३ सालीच व्हेरियन्सच्या टेस्ट नॉर्मलपासून थोडं हललं तरी कशा बिघडतात ते दाखवलं होतं, "रोबस्ट" हा शब्द संख्याशास्त्रात त्याच पेपरपासून आला.

मग करायचं काय? १० आकड्यांवर नॉर्मलिटीची टेस्ट लावून फार काही कळत नाही, ती बहुतेक वेळा "ठीक आहे" असंच म्हणणार. त्यापेक्षा आकडे एका रेषेवर ठिपक्यांनी मांडा, नॉर्मल प्रॉबॅबिलिटी प्लॉट काढा (आकडे नॉर्मल असतील तर त्यावर ठिपके साधारण सरळ रेषेत येतात), आणि जुना डेटा असेल तर ४००-५०० पाकिटांचा हिस्टोग्राम बघा, तो १० आकड्यांपेक्षा जास्त खरं सांगतो. आपल्या १० मध्ये काही फार बाहेर पडलेलं नाही, एका बाजूला झुकलेलं नाही, भरणीची प्रक्रिया साधारण नॉर्मल असते, म्हणून पुढे जाऊ.

पायरी ४: गणित

सूत्र असं:

काय-स्क्वेअर = (एन − १) × एसचा वर्ग ÷ नलमधल्या सिग्माचा वर्ग (एन म्हणजे पाकिटांची संख्या)

वरचा गुणाकार म्हणजे सरळ "सरासरीपासूनच्या फरकांच्या वर्गांची बेरीज". त्यामुळे एस काढून, राउंड करून, परत वर्ग करून, गुणून वगैरे करायची गरजच नाही. फरक काढा: ३, −६, ७, −१, −९, ५, −२, १०, −४, −३. बेरीज शून्य यायला हवी, येते, म्हणजे सरासरी बरोबर. वर्ग: ९, ३६, ४९, १, ८१, २५, ४, १००, १६, ९. बेरीज ३३०.

काय-स्क्वेअर = ३३० ÷ १६ = २०.६२५

एस हवाच असेल तर ३३० ला ९ ने भागा, ३६.६७, त्याचं वर्गमूळ ६.०६ ग्रॅम.

सरासरी अशी गोल आकड्यात आली नाही तर सगळ्या वजनांतून ५०० वजा करून घ्या, विचलन बदलत नाही. ४, −५, ८, ०, −८, ६, −१, ११, −३, −२, यांची बेरीज १०, वर्गांची बेरीज ३४०, मग ३४० वजा १० चा वर्ग भागिले १०, म्हणजे परत ३३०. सरासरी दशांशात राउंड करून मग फरक काढले की चूक जमत जाते, ती यात टळते.

इथल्या दोन नेहमीच्या चुका. पहिली, वर्ग करायला विसरणं: ९ × ६.०६ ÷ ४ केलं तर १३.६ येतं आणि उत्तर उलटं होतं. दुसरी, कॅल्क्युलेटरवरचं चुकीचं बटण. जुन्या कॅसिओवर "सिग्मा एन" आणि "सिग्मा एन वजा एक" अशी दोन बटणं असतात, आपल्याला दुसरं हवं. एक्सेलमध्ये एसटीडीईव्ही डॉट एस, डॉट पी नाही. डॉट पी वापरून मग ९ ने गुणलं तर २०.६ च्या जागी १८.६ मिळेल. उजव्या शेपटीला आज काही फरक पडला नसता, पण दोन शेपट्यांची टेस्ट असती तर तिची वरची सीमा १९.०२३ आहे, म्हणजे निर्णयच बदलला असता.

पायरी ५: टेबल किंवा पी-व्हॅल्यू

डिग्रीज ऑफ फ्रीडम ९, कारण १० फरकांची बेरीज शून्यच येणार म्हटल्यावर ९ कळले की दहावा आपोआप कळतो. हे वितरण हेल्मर्ट नावाच्या जर्मन भूमापनवाल्याने १८७६ मध्ये नेमकं याच प्रश्नासाठी काढलं होतं, काय-स्क्वेअर म्हटलं की आठवतो तो कार्ल पिअर्सनचा पेपर १९०० चा, आणि तो वेगळ्या कामासाठी. म्हणून गोंधळ नको, तक्त्यातले काउंट तपासायची जी काय-स्क्वेअर टेस्ट असते ती ही नाही, टेबल तेवढं एकच.

९ डिग्रीच्या ओळीत बघा:

उजवीकडे ५ टक्के: १६.९१९
उजवीकडे २.५ टक्के: १९.०२३
उजवीकडे १ टक्का: २१.६६६
डावीकडे ५ टक्के: ३.३२५
डावीकडे २.५ टक्के: २.७००

टेबल बघताना एक भानगड असते, काही पुस्तकं उजव्या बाजूचं क्षेत्रफळ देतात आणि काही डाव्या बाजूचं, त्यामुळे ३.३२५ च्या वर ०.९५ लिहिलेलं असू शकतं. वर छापलेली आकृती बघून मगच आकडा उचला. काय-स्क्वेअर दोन्ही बाजूंनी सारखं नाही, म्हणून झेड टेबलसारखं उणे चिन्ह लावून डावी बाजू मिळत नाही, ती वेगळी बघावी लागते.

आपलं २०.६२५ हे १६.९१९ च्या वर आहे, म्हणून नल रिजेक्ट. २१.६६६ च्या खाली आहे, म्हणजे १ टक्क्यावर रिजेक्ट झालं नसतं. पी-व्हॅल्यू हवी असेल तर एक्सेलमध्ये सीएचआयएसक्यू डॉट डिस्ट डॉट आरटी मध्ये २०.६२५ आणि ९ टाका, ०.०१४ येते.

पायरी ६: याचा अर्थ काय आणि काय नाही

अर्थ असा की खरं विचलन ४ ग्रॅम असतं तर १० पाकिटांत इतका किंवा याहून जास्त पसारा १०० पैकी दीडएक वेळाच दिसला असता. मशीन बिघडण्याची शक्यता ९८.६ टक्के आहे असा अर्थ नाही, आणि विचलन ६ झालंय असाही नाही. किती झालंय ते हवं असेल तर ९५ टक्क्यांची कॉन्फिडन्स इंटर्व्हल (खरा सिग्मा कुठून कुठपर्यंत असू शकतो ती पट्टी) काढा, आणि ती काढाच, कारण नुसतं "रिजेक्ट" सांगून मालकाला काही कळत नाही:

खालची बाजू: ३३० ÷ १९.०२३ चं वर्गमूळ = ४.१७ ग्रॅम
वरची बाजू: ३३० ÷ २.७०० चं वर्गमूळ = ११.०६ ग्रॅम

मोठा आकडा खाली भागायला घेतला की खालची सीमा मिळते, हे उलटं वाटतं पण तसंच आहे. आणि पसारा बघा, ४.१७ पासून ११.०६ पर्यंत. ४.१७ असेल तर कुणी हातही लावणार नाही, ११ असेल तर मशीन आजच थांबवायला पाहिजे. १० पाकिटांतून एवढंच कळतं. एसचा मधला आकडा ६.०६ हा इंटर्व्हलच्या मध्यावर नाही हेही दिसेल, त्यामुळे "६ अधिक-वजा अमुक" असं लिहू नका.

आता एक गंमत करून बघा. ५११ चं पाकीट काढून टाका. बाकी ९ पाकिटांच्या फरकांच्या वर्गांची बेरीज २१८.९ होते, काय-स्क्वेअर १३.६८, ८ डिग्रीला ५ टक्क्यांची सीमा १५.५०७. रिजेक्ट होत नाही! सगळा निकाल एका पाकिटावर टेकलेला होता. म्हणून कुणी म्हटलं की "ते एक जरा चुकून आलं असेल, काढून टाकू" तर आधी पुरावा मागा: पाकीट फाटलं होतं का, काटा शून्यावर नव्हता का, नोंदीत खाडाखोड आहे का. कारण सापडलं तर काढा आणि रिपोर्टमध्ये तसं लिहा, नुसतं मोठं आहे म्हणून काढायचं नाही, विचलनाच्या टेस्टमध्ये मोठा आकडा हीच तर माहिती आहे.

मग किती पाकिटं घ्यायची

१० पाकिटांवर ही टेस्ट किती आंधळी असते ते एकदा मोजून बघण्यासारखं आहे. "४ पेक्षा जास्त" म्हणायला एस किमान ५.४८ यावा लागतो. "४ पेक्षा कमी" म्हणायला एस २.४३ च्या खाली यावा लागतो. मधे कुठेही आलं, ३ आलं, ५ आलं, तरी एकेरी टेस्टने दोन्हीकडे काही सिद्ध होत नाही. नवीन मशीनवाला १० पाकिटं भरून दाखवतो आणि म्हणतो बघा एस ३.१ आला, ४ च्या आत, तेव्हा त्याला हे सांगा.

दुसऱ्या बाजूने, खरं विचलन ६ झालेलं असेल तर १० पाकिटांची टेस्ट ते पकडण्याची शक्यता ५८ टक्के. नाणं उडवण्यापेक्षा थोडी बरी. ३० पाकिटं घेतली तर ९२ टक्के. हे काढायची पद्धतही सोपी आहे: टेबलमधला सीमेचा आकडा घ्या, त्याला १६ ने गुणून ३६ ने भागा, म्हणजे जुना वर्ग भागिले नवा वर्ग, १० पाकिटांसाठी १६.९१९ चे ७.५२ होतात, आणि त्याच डिग्रीला ७.५२ च्या उजवीकडे किती क्षेत्रफळ आहे ते एक्सेलला विचारा. पाकिटं तोलायला पाच मिनिटं लागतात, त्यामुळे मला तरी १० वर थांबायचं कारण कळत नाही, ३० घ्या. नमुना तोडून किंवा फोडून तपासावा लागत असेल, सिमेंटचे क्यूब वगैरे, तर गोष्ट वेगळी.

आणि नल रिजेक्ट झालं नाही तर "विचलन ४ च्या आत आहे हे सिद्ध झालं" असं लिहू नका, "४ च्या वर असल्याचा पुरेसा पुरावा मिळाला नाही" असं लिहा, विशेषतः सॅम्पल लहान असेल तेव्हा.

आकडे नॉर्मल नसतील तर

एका बाजूला लांब शेपटी असेल, वेळ मोजताना किंवा अशुद्धीचं प्रमाण मोजताना असं हमखास होतं, तर लॉग घेऊन बघतात, पण मग तुमचा ४ ग्रॅमचा दावा लॉगच्या जगात काय होतो ते परत ठरवावं लागतं, ती वाट तितकी सरळ नाही. मिनिटॅब हे संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर एका व्हेरियन्सच्या टेस्टमध्ये काय-स्क्वेअरच्या जोडीला बोनेटची पद्धत येते, ती शेपट्यांची जाडी हिशोबात धरते, नॉर्मलबद्दल शंका असली की तीच ओळ वाचा. सॉफ्टवेअर नसेल आणि ४०-५० आकडे असतील तर बूटस्ट्रॅप करा, म्हणजे त्याच आकड्यांतून पुन्हा पुन्हा नमुने उचलून एस किती हलतो ते बघा. लेव्हीन किंवा बार्टलेटची टेस्ट इथे लावू नका, त्या दोन किंवा जास्त गटांची आपसात तुलना करायला आहेत, एफ टेस्टही दोन मशीन समोरासमोर असतील तेव्हाची.

रिपोर्टमध्ये काय लिहायचं

एवढं पुरतं: "एका भरणी हेडवरून, एकाच सेटिंगवर, १ ग्रॅम वाचणाऱ्या काट्यावर १० पाकिटांचं निव्वळ वजन घेतलं. सरासरी ५०१ ग्रॅम, एस ६.०६ ग्रॅम. सिग्मा ४ ग्रॅमपेक्षा जास्त आहे का यासाठी उजव्या शेपटीची काय-स्क्वेअर टेस्ट, किंमत २०.६२५, डिग्री ९, पी ०.०१४. ९५ टक्के इंटर्व्हल ४.१७ ते ११.०६ ग्रॅम. प्रॉबॅबिलिटी प्लॉटवर नॉर्मलपासून ठळक फरक दिसला नाही. एकही पाकीट वगळलेलं नाही. ५११ ग्रॅमचं पाकीट वगळल्यास निष्कर्ष बदलतो, त्यामुळे त्याच हेडवर ३० पाकिटं पुन्हा तोलावीत."

त्या ३० मध्ये ही जुनी १० मिसळू नका, नवीन ३० वेगळी घ्या. जुन्या आकड्यांनीच शंका आली होती, तेच परत पुरावा म्हणून मोजले तर तराजू आधीच एका बाजूला झुकलेला असतो.